संगणकातील सोडत : यादृच्छिक अंक येतात कोठून?

नगरपालिकेच्या प्रभागांचे आरक्षण ठरविण्याची सोडत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सर्वांना दिसेल असे पारदर्शक भांडे टेबलावर ठेवतात. सारख्या आकाराच्या चिठ्ठ्यांना सारख्याच घड्या घालून त्या भांड्यात टाकतात, हलवतात आणि एखाद्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला बोलावून चिठ्ठी उचलायला सांगतात. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या प्रभागांपैकी कोणता महिलेसाठी राहणार, हे अशा वेळी त्या लहान हातावर ठरते. निकाल काहींच्या मनासारखा लागतो, काहींच्या लागत नाही. पण सोडत नीट झाली असेल, तर ज्याच्या विरुद्ध निकाल गेला तोही तो मान्य करतो.

या साध्या कृतीत तीन अटी आहेत. पहिली, प्रत्येक चिठ्ठीला सारखी संधी असली पाहिजे. दुसरी, कोणती चिठ्ठी निघणार हे आधी कोणालाही, अगदी हात घालणाऱ्यालाही, ठाऊक नसले पाहिजे. तिसरी, आजच्या सोडतीवरून उद्याच्या सोडतीचा अंदाज बांधता येता कामा नये. या अटी पाळून जो अंक मिळतो त्याला गणितात 'यादृच्छिक अंक' म्हणतात. दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात विद्यार्थ्यांनी हा शब्द वाचलेला आहे.

आज अशी सोडत संगणक क्षणोक्षणी काढीत असतो. मोबाईलवर येणारा सहा आकडी ओटीपी ही एक सोडतच आहे. ०००००० पासून ९९९९९९ पर्यंतच्या दहा लाख चिठ्ठ्यांतून एक उचलायची. बँकेच्या संकेतस्थळाशी आपला मोबाईल गुप्तपणे बोलतो, तेव्हा दोघांमधील कुलपाची किल्लीही अशाच सोडतीतून तयार होते. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतील २५ टक्के जागांचे प्रवेश ऑनलाइन सोडतीने ठरतात. म्हाडाच्या घरांचेही तसेच. म्हणजे गरिबाच्या मुलाची शाळा, त्याचे घर आणि त्याच्या खात्यातील पैसा, हे सारे या अंकांशी बांधलेले आहे. आम्ही बँकेत काम करतो. ओटीपी कोणाला सांगू नका, असे खातेदारांना दररोज सांगावे लागते. पण हा अंक मुळात येतो कोठून, आणि तो दुसऱ्या कोणाला आधीच ओळखता का येत नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच अभ्यास करावयाचा आहे.

हिशेबाने सोडत निघत नाही

प्रथम वाटते, की संगणक हिशेबात पटाईत आहे, तेव्हा त्याने काहीतरी गुंतागुंतीचे गणित करावे आणि अंक काढावा. हे का जमत नाही, ते समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षकाचे गणित घेऊ.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. देवळालीच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकविले आणि अंकांचा छंद जन्मभर जोपासला. १९४९ साली त्यांनी पुढील गंमत मांडली. चारही अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत राहा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

६१७४ वर पुन्हा तीच क्रिया केली तरी ६१७४ च येतात. विशेष म्हणजे कोणत्याही संख्येपासून निघालात, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही याच संख्येवर पोहोचता. मधले आकडे पाहिले तर कसे अस्ताव्यस्त वाटतात! ज्याला नियम माहीत नाही तो म्हणेल, हे तर सोडतीचे आकडे दिसतात. पण ज्याला नियम माहीत आहे त्याला सगळा प्रवास आधीच ठाऊक असतो.

संगणकशास्त्राच्या आरंभीच्या काळात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एक रीत सुचविली होती. चार अंकी संख्येचा वर्ग करावा, त्याचे आठ अंक लिहावेत आणि मधले चार अंक पुढची संख्या म्हणून घ्यावेत. पण ३७९२ चा वर्ग १,४३,७९,२६४ येतो. मधले चार अंक पुन्हा ३७९२! तेथे गाडी कायमची थांबते. ही रीत पक्की नाही, हे खुद्द फॉन नॉयमन यांनाही ठाऊक होते.

आजच्या रीती यापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. त्यांचे आकडे सहजासहजी अडकत नाहीत आणि तपासणीतही उत्तम उतरतात. तरी मूळ गोष्ट तीच राहते. आरंभीची संख्या, जिला 'बीज' म्हणतात, ज्याला कळली त्याला पुढची सगळी मालिका काढता येते. तेव्हा सारे रहस्य बीजात असते, आणि ते बीज हिशेबाबाहेरून यावे लागते.

बीज तोकडे पडले म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. डेबियन ही लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती आहे. तिच्यातील किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रणालीत २००६ साली एक दुरुस्ती करण्यात आली. त्या दुरुस्तीत बीजामध्ये अनिश्चितता मिसळणाऱ्या ओळीच निष्प्रभ झाल्या. बीज म्हणून उरला तो फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक, आणि त्याचे प्रकार होते ३२,७६८. ही गोष्ट मे २००८ मध्ये उघडकीस आली. दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या दिसायला शेकडो अंकांच्या होत्या, पण एका प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ निघू शकत होत्या. एवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे संगणकाला मुळीच अवघड नाही. जगभर अशा किल्ल्या बदलून घ्याव्या लागल्या.

अनिश्चितता वस्तूत असते

मग बीज आणायचे कोठून? मनमाडकरांसाठी याचे उत्तर स्टेशनवरच आहे. आपले जंक्शन मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या बाजूंच्या मार्गांचे. वेळापत्रकात गाडीची वेळ छापलेली असते, ती सर्वांना ठाऊक असते. पण गाडी फलाटावर नेमक्या कोणत्या सेकंदाला थांबेल, हे स्टेशनमास्तरही आधी सांगू शकत नाही. दिवसभरातील प्रत्येक गाडीच्या थांबण्याच्या वेळेतील फक्त सेकंदांचा शेवटचा अंक कोणी टिपून ठेवला, तर बऱ्यापैकी सोडत तयार होईल.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९९४ साली थिओडोर त्सो यांनी नेमकी हीच कल्पना वापरली. कळफलकावर बोट केव्हा पडले, माउस केव्हा हलला, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, या वेळांमधील अतिसूक्ष्म फरक गोळा करून त्यांनी एक साठा तयार केला. त्या साठ्यातून यादृच्छिक अंक काढून देण्याची सोय केली.

परंतु ज्या यंत्राला कळफलक नाही, माउस नाही, त्याने काय करावे? त्यासाठी खास वस्तू बनविल्या जातात. ब्रिटनमध्ये १९५७ साली बचतरोख्यांच्या बक्षिसांची सोडत काढण्यासाठी 'एर्नी' नावाचे यंत्र बसविले. निऑन वायूच्या नळीतून वीज वाहताना तिच्यात जी अनियमित खळबळ होते, तीवरून ते अंक काढीत असे. आता हेच काम नखाएवढ्या चिपमध्ये होते. कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हालत असतात, त्यामुळे विजेच्या दाबात बारीक थरथर होते. ती कोणालाही आधी सांगता येत नाही. काही चिपमध्ये उलटसुलट करणारे दरवाजे विषम संख्येने वर्तुळात जोडतात. ० चा १, १ चा ० असा न संपणारा फेरा चालू राहतो, आणि त्याचा वेग उष्णतेच्या थरथरीने किंचित मागेपुढे होतो. दुसऱ्या घड्याळाने तो मध्येच टिपला की ० किंवा १ मिळतो. या ० किंवा १ ला 'बिट' म्हणतात. अशा साधनाला हार्डवेअर यादृच्छिक अंक जनित्र म्हणावे.

आता पहिल्या अटीचा प्रश्न येतो. अशी वस्तू ० आणि १ अगदी सारखेच देईल याची खात्री नसते. जणू काही नाणे एका बाजूने झिजलेले आहे. फॉन नॉयमन यांनी १९५१ साली यावर जी युक्ती सांगितली, ती शाळेतील विद्यार्थ्यालाही करून पाहता येईल. नाणे दोनदा उडवा. छापा-काटा आला तर ० लिहा, काटा-छापा आला तर १ लिहा. दोन्ही छापे किंवा दोन्ही काटे आले तर ती जोडी सोडून द्या. समजा नाण्याचा छापा १०० पैकी ६० वेळा पडतो. छापा-काटा येण्याची शक्यता ०.६ × ०.४ म्हणजे २४ टक्के. काटा-छापा येण्याची ०.४ × ०.६, म्हणजे तीही २४ टक्केच. झिजलेल्या नाण्यातून न्याय्य सोडत मिळाली. किंमत एवढीच, की १०० पैकी ५२ जोड्या फुकट गेल्या. इंटेल कंपनीने १९९९ च्या सुमारास आपल्या ८१० चिपसंचात जे जनित्र दिले, त्यात हीच युक्ती बसविलेली होती.

ड्रायव्हर कशासाठी?

आपल्या गावात ड्रायव्हर म्हटले की इंजिन चालविणारा डोळ्यांसमोर येतो. संगणकातील ड्रायव्हर वेगळा. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी मुख्य प्रणाली. बाजारात शेकडो तऱ्हेच्या चिप आहेत आणि प्रत्येकीची बोली निराळी. मुख्य प्रणालीने प्रत्येक बोली शिकत बसणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक साधनासाठी एक छोटा प्रोग्राम लिहितात. तो साधनाशी त्याच्या बोलीत बोलतो आणि मुख्य प्रणालीशी ठरलेल्या एकाच भाषेत. हा दुभाषा म्हणजेच ड्रायव्हर.

लिनक्समध्ये यादृच्छिक जनित्रांच्या ड्रायव्हरांसाठी एक सामाईक चौकट आहे. प्रत्येक ड्रायव्हरने तिला मोजक्या गोष्टी कळवायच्या: आपले नाव, साधन सुरू कसे करायचे, बंद कसे करायचे आणि त्यातून बिट कसे वाचायचे. याशिवाय एक महत्त्वाची बाब आहे, ती म्हणजे साधनाची 'प्रत'. साधनाने दिलेल्या प्रत्येक १०२४ बिटांमध्ये खरी अनिश्चितता किती बिटांची मानावी, तो हा आकडा. बँकेत तारण घेताना वस्तूची सांगितलेली किंमत आणि धरावयाची किंमत वेगळी असते, तसेच हे आहे. चौकटीकडे आलेले बिट प्रणाली पूर्वी सांगितलेल्या साठ्यात मिसळते, आणि अॅपना, बँकेच्या प्रोग्रामांना किंवा इतर कोणालाही अंक मिळतात ते त्या साठ्यातून. चौकट स्वतःहून साठा भरीत राहील अशी सोय २०१४ मध्ये झाली.

उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय घेऊ. २०१२ साली आलेला हा तळहाताएवढा स्वस्त संगणक विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत पुष्कळ वापरला जातो. त्याच्या पहिल्या पिढीतील चिपच्या जनित्रासाठी जो ड्रायव्हर आहे, त्यात एक दक्षता लिहून ठेवलेली आहे. जनित्र सुरू केल्यावर आरंभीचे अंक पुरेसे यादृच्छिक नसतात, म्हणून २,६२,१४४ पर्यंतची मोजणी टाकून द्यावयाची आणि मगच अंक घ्यायला आरंभ करावयाचा. हातपंपाचे पहिले गढूळ पाणी सोडून देऊन मग हंडा लावावा, त्यातलाच हा प्रकार. चिप स्वतः हे करीत नाही. ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या ध्यानात असावे लागते.

टाकी भरण्याआधी नळ सोडला तर

साठा म्हणजे काय, हे वागदर्डी धरणाच्या पाण्यावर दिवस काढलेल्या मनमाडकरांना समजावून सांगायला नको. टाकीत पाणी चढलेच नसेल, तर नळाला तोटी कितीही चांगली लावून उपयोग नाही. संगणक नुकताच सुरू होतो, तेव्हा त्याच्या अनिश्चिततेच्या टाकीची अशीच अवस्था असते.

२०१२ साली नादिया हेनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवर उघड दिसणाऱ्या लक्षावधी किल्ल्या गोळा करून तपासल्या. सुरक्षित संपर्कासाठी टीएलएस पद्धत वापरणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे अर्धा टक्का यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांना काढता आल्या. यांपैकी बहुतेक यंत्रे राउटरसारखी लहान उपकरणे होती. ती पहिल्यांदा सुरू होताच, टाकी रिकामी असतानाच, किल्ली तयार करून मोकळी झाली होती.

किल्ल्या कशा सापडल्या, तेही सहावीच्या गणिताने समजते. या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्या गुप्तपणे निवडतात आणि त्यांचा गुणाकार जाहीर करतात. गुणाकारावरून मूळ संख्या शोधणे फार अवघड, हाच सुरक्षेचा आधार. पण दोन यंत्रांच्या सोडतीत एक संख्या सारखीच निघाली तर? समजा एकाचा गुणाकार २२१ आणि दुसऱ्याचा २४७ आहे. दोहोंचा मसावि काढा. तो १३ येतो. झाले, २२१ = १३ × १७ आणि २४७ = १३ × १९. दोन्ही कुलपे उघडली. शेकडो अंकी संख्यांचा मसावि काढणेही संगणकाला क्षणाचे काम असते. कुलूप फोडावे लागले नाही. सोडत नीट निघाली नव्हती, एवढेच पुरले.

म्हणून लहान उपकरणात हार्डवेअर जनित्र असणे आणि त्याचा ड्रायव्हर लवकर सुरू होणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे. जनित्र असूनही ड्रायव्हर नसेल, तर विहीर आहे पण दोर नाही, अशी गत होते.

एकावर विसंबू नये

येथे कोणी म्हणेल, की मग चिपवर पूर्ण विश्वास टाकावा आणि मोकळे व्हावे. तसेही करता येत नाही. २०१९ साली एएमडी कंपनीच्या रायझन ३००० मालिकेचे नवे प्रोसेसर बाजारात आले. त्यांच्यातील जनित्राला अंक मागितला की ते 'काम यशस्वी झाले' असे कळवून दर वेळी एकच अंक देत असे. त्यातील सगळे बिट १! त्यामुळे लिनक्सच्या काही आवृत्त्या त्या संगणकांवर सुरूच होईनात. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली आणि लिनक्समध्येही त्याची पडताळणी घालण्यात आली. साधन 'ठीक आहे' म्हणते म्हणून ते ठीक असतेच असे नाही.

पडताळणीची एक सोपी रीत अशी. २०,००० बिट घ्यावेत आणि त्यांतील १ मोजावेत. ते १०,००० च्या जवळपास, म्हणजे ९,७२५ पेक्षा जास्त आणि १०,२७५ पेक्षा कमी असावेत. सलग २६ किंवा अधिक वेळा एकच बिट आला, तर तो गठ्ठा नापास करावा. मात्र विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा परीक्षेने बिघडलेले साधन पकडता येते, लबाड साधन पकडता येत नाही. कारण ज्याचे बीज कोणाला तरी ठाऊक आहे अशी मालिकाही या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

मग लबाडीवर उपाय काय? तो आपल्या भिशीतल्या बायकांनाही सुचण्यासारखा आहे. समजा तिघींना मिळून ० ते ९ मधील एक अंक काढायचा आहे आणि कोणाचाच कोणावर भरवसा नाही. तिघींनी आपापला अंक गुपचूप कागदावर लिहावा आणि एकदम उघडावा. ७, ५ आणि ९ आले तर बेरीज २१. एकक स्थानचा १ हा निकाल. दोघींनी संगनमत केले तरी तिसरीने आपला अंक खरोखर सोडतीने लिहिला असेल, तर निकाल दहाही अंकांवर सारख्याच शक्यतेने पडतो. एक प्रामाणिक असली तरी पुरे होते.

ऑपरेटिंग सिस्टीम हेच करते. हार्डवेअर जनित्राचे बिट ती जसेच्या तसे गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. प्रोसेसरमधील जनित्र, वेगळी चिप, डिस्कच्या आणि इतर घटनांच्या वेळा, हे सारे एका साठ्यात घोटून मग अंक बाहेर काढते. प्रोसेसरमधील जनित्रावर विश्वास ठेवावा की नाही, यावर २०१३ साली जगभर वाद झाला, तेव्हा लिनक्सच्या बाजूने मुख्य उत्तर हेच होते, की आम्ही त्या एकावर विसंबून नाही.

तात्पर्य

पारदर्शक भांडे, सारख्या घड्या आणि लहान मुलाचा हात, या गोष्टी कोणा एका माणसाच्या चांगुलपणावर सोडलेल्या नाहीत. त्या सर्वांसमोर तपासता येतात. संगणकातील सोडतीकडेही आपण याच नजरेने पाहिले पाहिजे. अंक हिशेबातून आला की वस्तूतून? वस्तू तपासली कोणी? तिच्याबरोबर दुसरे साधन मिसळले होते काय? लिनक्सच्या ड्रायव्हरांचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो. रास्पबेरी पायच्या ड्रायव्हरमधील २,६२,१४४ हा आकडाही तेथे सर्वांना पाहता येतो. ज्या सोडतीवर मुलाचा प्रवेश किंवा कुटुंबाचे घर ठरते, तिची रीतही अशीच उघडी असावी, अशी मागणी करणे म्हणजे संगणकावर अविश्वास दाखविणे नव्हे. तो नागरिकाचा साधा हक्क आहे. मात्र ही मागणी नीट करता यावी, यासाठी विषय समजलेली माणसे आपल्यात असली पाहिजेत. आपल्या वस्तीतील मुलामुलींनी संगणक केवळ वापरायला न शिकता तो आतून कसा चालतो हेही शिकावे, असे आम्हांला वाटते ते याचसाठी.

अभ्यासासाठी

१) आपले जन्मवर्ष घेऊन कापरेकरांची क्रिया करा. ६१७४ किती पायऱ्यांत येतात?
२) ७६०० चा वर्ग करून मधले चार अंक काढा. काय आढळते?
३) एका नाण्याचा छापा १०० पैकी ७० वेळा पडतो. फॉन नॉयमन यांच्या युक्तीने किती टक्के जोड्या उपयोगी पडतील?
४) ३२३ आणि ४३७ या दोन जाहीर संख्या आहेत. मसावि काढून दोहोंचे गुप्त अवयव शोधा.